सूरजागड ते मार्कंडा : मोटारींतला एक दिवस

चांद्याच्या लोखंडाची कीर्ति आजची नव्हे. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्त्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें उत्तम प्रतीचें लोखंड आहे आणि त्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास कोळसा आहे, हें वाचून त्या पुरुषाच्या मनांत पोलादाच्या कारखान्याचें बीज पडलें. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामास उतरला नाहीं आणि तो विचार कित्येक वर्षें मागें राहिला. १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा व वेल्ड नांवाचे अमेरिकन भूगर्भवेत्ते चांद्याच्या रानांत पुन्हां हिंडले; तेव्हां लोहाऱ्याचा सांठा मोठ्या कारखान्यास पुरणार नाहीं असें ठरलें. बेत सोडल्याचें अधिकाऱ्यांस कळवावें म्हणून दोराबजी नागपुरास आले. कमिशनरसाहेबांची वाट पाहतांना वेळ जावा म्हणून ते अजब बंगल्यांत शिरले आणि तेथें भिंतीवरच्या रंगीत नकाशावर दुर्गकडील डल्लीचे डोंगर लोखंडाच्या खुणेनें दाखविलेले त्यांच्या दृष्टीस पडले. पुढें १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली आणि कारखाना उभा राहिला तो साकचीस, चांद्यापासून पुष्कळ दूर. आम्ही नागपूरचे. अजब बंगल्यावरून शाळेंत जाण्यायेण्यांत आमची सारी नोकरी गेली. ही हकीकत वर्गांत सांगितली कीं एखादा तरी चौकस मुलगा विचारी, “गुरुजी, मग चांद्याच्या लोखंडाचें काय झालें ?”

तें जागच्या जागीं राहिलें. त्यांतला मोठा वांटा जुन्या चांदा जिल्ह्याच्या अगदीं आग्नेय कोपऱ्यांत, एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगरांत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तो डोंगर त्या जिल्ह्यांत गेला. २००७ सालीं तेथील सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा देण्यांत आला. परंतु नक्षलवाद्यांच्या भयानें काम कधीं सुरू तर कधीं बंद. २०१६ च्या डिसेंबरांत खनिज वाहणारीं सत्तर-ऐंशी वाहनें एकाच वेळीं जाळलीं गेलीं. खाण जोमानें सुरू झाली ती २०२१ पासून.

आमचें तेथें जाणें मात्र लोखंडासाठीं झालें नाहीं. आमच्या धाकट्या भावाची मुलगी वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि सरकारी नियमाप्रमाणें जी एक वर्षाची ग्रामीण सेवा करावी लागते, त्यासाठीं तिची नेमणूक एटापल्ली तालुक्यांत झाली. घरांत एकोणीस माणसें. त्यांत दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें, दंडाची रक्कम भरून मोकळें व्हावें, पोरीच्या जिवापेक्षां पैसा मोठा नाहीं. दुसऱ्या तटाचें म्हणणें, तिनें घेतलेली विद्या कोणासाठीं आहे ? मुलगी दोन्ही तटांस नम्रपणें “होय” म्हणे आणि कोणाचेंच ऐकत आहे असें दिसेना. शेवटीं आमचे वडीलबंधु म्हणाले, “वर्तमानपत्रावरून भांडण्यापेक्षां जागा डोळ्यांनीं पाहून या.” म्हणून गेल्या मार्गशीर्षांत, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस, आम्ही, सौभाग्यवती व ती मुलगी असे तिघे निघालों. आलापल्लीस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं मुक्काम केला आणि दुसरे दिवशीं पहांटे पांचास भाड्याची मोटार दाराशीं आली.

मोटारीविषयीं दोन शब्द. हल्लीं आपल्या घराघरांतून तरुण मुलें स्वतः मोटार हांकतात व चालक ठेवणें हा उधळेपणा समजतात. शहरांत तें असो. पण जेथें रस्ता रानांतून जातो, जेथें वळणावर खनिजाची भली मोठी गाडी समोर येते आणि जेथें वाट विचारावी असा माणूस तीन-तीन कोस भेटत नाहीं, तेथें त्या मुलखांत वाढलेला चालक हाच खरा वाटाड्या. आमचा चालक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, चामोर्शीकडचा, धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला माडिया भाषा कामापुरती येत होती, तेलुगु बरी येत होती आणि मराठी झाडीपट्टीची गोड, वाक्यागणिक “जी” लावणारी. आम्हांस गुरुजी, सौभाग्यवतींस काकू आणि मुलीस डॉक्टरताई ही नांवें त्यानें पहिल्या पांच मिनिटांत ठरवून टाकलीं.

आलापल्लीचें सागवान प्रसिद्ध आहे. तेथील ‘वनवैभव’ म्हणून राखलेल्या अस्पर्श वनाच्या तुकड्यास २०१४ सालीं जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून मान मिळाला. महाराष्ट्रांत असा मान मिळालेलें तें पहिलें स्थळ. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं बल्लारपूरच्या आगारांतून जें सागवान गेलें तेंहि याच चांदा-गडचिरोलीच्या रानांतलें. पहांटेच्या धुक्यांत आम्हांस त्या झाडांचे बुंधे तेवढे दिसले. सौभाग्यवतींनीं मोटारीच्या कांचेस नाक लावून विचारलें, “यांत वाघ आहे का ?” चालक म्हणाला, “आहे जी, पण तो आपल्या कामांत असते.”

एटापल्ली तीसेक किलोमीटर. उजाडतां उजाडतां पोंचलों. गांव लहान, तालुक्याचें ठाणें, बाजाराची जागा, शाळकरी मुलींच्या सायकली, चहाचीं दुकानें. मुलगी रुग्णालय पाहावयास गेली ती तासाभरानें आली. तिच्याबरोबर जाण्याची आमची तयारी होती, पण तिनें हातानेंच “बसा” म्हणून खुणावलें. आम्ही चहाच्या बांकावर बसून येणारीं जाणारीं माणसें पाहात राहिलों. एक माडिया बाई कडेवर मूल व डोक्यावर गाठोडें घेऊन रानाच्या वाटेनें आली. पायांतील धुळीवरून ती पुष्कळ लांबून आली असावी. मुलाचें अंग तापलेलें आहे हें आम्हांस बांकावरूनहि कळत होतें. महाराष्ट्रांतील हिंवतापाचे निम्म्यापेक्षां पुष्कळ रोगी एकट्या या जिल्ह्यांत निघण्याचीं वर्षें होऊन गेलीं आहेत, हें आम्ही घरून वाचून गेलों होतों. वाचलेलें आणि पाहिलेलें यांत त्या मुलाएवढें अंतर होतें.

या भागाची जुनी ओळख सांगावयाची तर ती अहेरीच्या जमीनदारीची व बाबूराव शेडमाकेंची. १८५८ सालीं या गोंड जमीनदारानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरलें, महिनेच्या महिने रानांत झुंज दिली, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्याला चांद्याच्या तुरुंगांत फांशी दिलें गेलें. आमच्या पाठ्यपुस्तकांत झांशी, कानपूर, सातारा हीं सर्व होतीं, चांदा नव्हता. नागपूरहून चांदा तो किती दूर !

एटापल्लीहून पुढें पंधरा-वीस किलोमीटरांवर हेडरी. तेथें कंपनीनें उभारलेलें रुग्णालय आहे, पोलिसांचें ठाणें आहे आणि समोर डोंगर. खाणींत कोणालाहि शिरतां येत नाहीं व आम्हांस शिरावयाचेंहि नव्हतें. दुरून डोंगर पाहिला. अर्धा हिरवा, अर्धा लाल. लाल भागास पायऱ्या पाडलेल्या, जणूं एखाद्या राक्षसानें बांधावयास घेतलेला घाट. त्याच डोंगरावर ठाकुरदेवाचें स्थान आहे आणि जानेवारींत सूरजागड इलाख्यांतील गांवोगांवचे माडिया लोक तेथें जत्रेस जमतात. खाणीस विरोध करणाऱ्या ग्रामसभांचें म्हणणें थोडक्यांत हेंच, कीं आमचा देव व आमचें रान एकच आहे, एक खणलें कीं दुसरें उरत नाहीं. खाणीच्या बाजूनें बोलणारे म्हणतात, जेथें मुलें बंदुकीकडे वळत होतीं तेथें तीं आतां यंत्रें चालवितात. हेंहि खोटें नाहीं. १ जानेवारी २०२५ रोजीं मुख्यमंत्री याच तालुक्यांतील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गावर एस्. टी.च्या गाडींतून गेले; त्या रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर गाडी धांवली ती प्रथमच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपति याने साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. आमचें स्वतःचें मत विचाराल तर, शांतता आली ही गोष्ट आम्ही मोठी मानतों. पण जिच्या पायीं देवाला डोंगर सोडावा लागेल अशी शांतता त्या लोकांस किती गोड लागेल, हें त्यांनाच विचारलें पाहिजे.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें एका न दिसणाऱ्या वस्तूचें. २०२५ च्या जुलैंत हेडरीपासून वैनगंगेजवळच्या कोनसरीपर्यंत सुमारें ८५ किलोमीटरांची नळवाट सुरू झाली. धातूचे दगड फोडावयाचे, दळून पिठासारखे करावयाचे, तें पीठ पाण्यांत कालवावयाचें आणि तो गाळ पंपांच्या जोरानें नळांतून ढकलावयाचा; पलीकडच्या टोकास पाणी गाळून वेगळें केलें कीं लोखंडाचें पीठ हातीं येतें. पाण्याचा वेग फार कमी झाला तर पीठ तळाशीं बसून नळ तुंबतो, फार वाढला तर नळच आंतून झिजतो; तेव्हां तो मापांतच ठेवावा लागतो. पाण्याचा कालवा उघडा वाहतो आणि सर्वांस दिसतो. हा लोखंडाचा कालवा आमच्या चाकांखालीं, रानाच्या मुळांखालीं वाहात होता आणि त्याचा आवाजहि नव्हता. चालकानें सांगितलें कीं नळ सुरू झाल्यावर रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या. मग थोडें थांबून, “आमच्या चुलतभावाची गाडी होती जी, खनिजावर. आतां उभीच असते,” असेंहि सांगितलें. रस्त्यावरच्या अपघातांवरून याच लोकांनीं पूर्वीं रस्ते अडविले होते; गाड्या कमी व्हाव्या ही त्यांचीच मागणी. एकाच घरांत एकाला हवें तें दुसऱ्याला नको, हें केवळ आमच्याच घरीं घडतें असें नाहीं.

परत आलापल्ली, तेथून आष्टी. आष्टीच्या अलीकडे चपराळ्याच्या बाजूस वर्धा व वैनगंगा यांचा संगम आहे व तेथून पुढें नदीचें नांव प्राणहिता. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास येथें थोडें रेंगाळल्यावांचून राहवत नाहीं. वर्धा म्हणजे वरदा. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत विदर्भाचें राज्य दोघां चुलतभावांत वांटलें जातें तेव्हां मध्यें सीमा म्हणून हीच वरदा धरली जाते. आणि प्राणहिता ! प्राणांना हितकर. नदीचें इतकें सुंदर नांव आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. कोनसरीचा कारखाना रस्त्यावरून दिसतो, तो पाहण्यांत आम्ही वेळ घालविला नाहीं. धुराडीं सर्वत्र सारखींच.

दुपारीं चालक म्हणाला, “गुरुजी, येथून आमचें गांव जवळ आहे जी. काकूंना भूक लागली असेल.” सौभाग्यवतींनीं बरोबर दशम्या आणल्या होत्या, तरी त्या चटकन “चला” म्हणाल्या.

हें गांव वैनगंगेच्या अंगाचें. गांवाचें नांव देत नाहीं, कारण त्या घरच्या मंडळींनीं आमच्याशीं जें बोलणें केलें तें छापण्यासाठीं केलें नव्हतें. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस कालव्याची शेवटची शाखा, मध्यें धानाच्या बांध्या. चामोर्शी तालुक्यांत रेगडीजवळ दिना नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयास चांद्याचेच कै. मा. सां. कन्नमवार यांचें नांव आहे, जे १९६२-६३ मध्यें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अशा कालव्यांच्याहि आधीं या मुलखांत गोंड राजांच्या व मालगुजारांच्या वेळचे तलाव व बोड्या होत्या. तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी त्या राजांची रीत सांगतात. वर्षास चाळीस-पन्नास इंच पाऊस पडणाऱ्या प्रदेशास तलाव कशाला, असा प्रश्न आमच्यासारख्या परक्यास पडेल. त्याचें उत्तर चालकाच्या वडिलांनीं खळ्यावर उभ्याउभ्या दिलें. आषाढांत पऱ्हे टाकावयाचे, श्रावणांत रोवणी करावयाची, तेव्हां आभाळ देतेंच. पण पुढें धान निसवावयास लागतें, लोंबी पोटांतून बाहेर येते, त्या दहा-पंधरा दिवसांत आभाळ कोरडें गेलें तर लोंब्या पोंचट राहतात. वर्षभराची मेहनत त्या पंधरा दिवसांवर. कालवा असतो तो त्या पंधरा दिवसांसाठीं.

“मग कालवा येतो ना वेळेवर ?” आम्हीं विचारलें.

म्हातारबा हंसले. “येते जी. पण पाणी बी माणसासारखंच असते, वाटेंत ज्याचं घर त्याच्या घरीं पयले बसते. शेवटच्या बांधीले येईपर्यंत त्याले दम लागते.”

कालव्याच्या शेंपटाकडील मनुष्याचें हें दुःख आम्हीं नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठींहि ऐकलें आहे आणि भंडाऱ्याकडेहि. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानें दोन दिवस अधिक पाणी घेतलें तर त्याला तें चोरी वाटत नाहीं, आणि चाऱ्यांची माती उपसावयास कोणी येत नाहीं म्हणून पाणी अर्ध्यावरच मुरतें. मोठमोठ्या धरणांची गोष्ट तर विचारूंच नये. याच वैनगंगेवर वरच्या अंगास गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढें अठरा हजार कोटींवर गेला. आंकडा एवढा फुगला. शेवटच्या बांधीचें पाणी मात्र फुगलें नाहीं.

पण त्या घरचा खरा प्रश्न पाण्याचा नव्हता. तो जेवतांना निघाला. भात, वरण, तळ्यांतल्या मासळीऐवजीं आमच्यासाठीं मुद्दाम केलेलें वांग्याचें भरीत. कोनसरीच्या आसपास कारखान्याच्या वाढीसाठीं जमीन घेण्याची हालचाल आहे आणि त्या गांवांतून तिला विरोधहि झाला आहे. या गांवापर्यंत अजून कांहीं आलेलें नाहीं, पण बोलणें आलें आहे. चालकाच्या मतें, कोणी चांगला भाव दिला तर सहा एकरांपैकीं निदान तीन देऊन टाकावे, त्या पैशांत स्वतःच्या दोन मोटारी होतील. “शेवटच्या बांधीवर किती दिवस बसाचं, बाबा ?” वडील कांहीं बोलले नाहींत. भाताचा शेवटचा घांस घेऊन ते हात धुवावयास उठले आणि जातांना सौभाग्यवतींस म्हणाले, “माय, हा भात त्याच बांधीचा आहे.” आम्ही अडतीस वर्षें मुलांना योग्य उत्तर सांगण्याचा पगार घेतला. त्या पडवींत आम्हांस कोणाची बाजू घ्यावी हें सुचलें नाहीं; मुलगा चुकतो असें म्हणवेना आणि बाप चुकतो असें तर मुळींच म्हणवेना.

उन्हें कलतां कलतां मार्कंड्यास आलों. वैनगंगा येथें वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून या स्थानाचें माहात्म्य. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. जवळच चिचडोहचें बंधाऱ्याचें काम झालें आहे. त्याला ३८ दरवाजे आहेत आणि पावसाळा सरल्यावर ते लावले कीं नदींत पाणी सांठतें. कनिंगहॅम येथें १८७३ नंतरच्या फेऱ्यांत आला आणि येथील शिल्पाची योग्यता त्यानें खजुराहोच्या जोडीची ठरविली. वीज पडून मुख्य देवळाचें शिखर पूर्वींच ढांसळलें होतें. पुरातत्त्व खात्याचें दुरुस्तीचें काम बरींच वर्षें चाललें आहे, त्यामुळें दगड क्रमांक घालून ओळीनें मांडलेले दिसतात, जणूं शाळेंतील हजेरीच.

आवारांत मार्कंडेश्वराबरोबर मृकंड ऋषींचें देऊळ आहे आणि यमधर्माचेंहि आहे. आम्हीं मुलीस कथा सांगितली. मृकंडाला पुत्र झाला तो सोळा वर्षांच्या आयुष्याचा; यम पाश घेऊन आला तेव्हां मुलानें शिवलिंगास मिठी मारली आणि शंकरानें यमासच हांकलून दिलें. कथा तिला लहानपणापासून पाठ. ती यमाच्या देवळाच्या पायरीवर बसून म्हणाली, “काका, मार्कंडेयाला सोळा वर्षें तरी मिळालीं होतीं.”

मग तिनें ज्या गोष्टी सांगितल्या त्या आम्हांस नव्या होत्या. याच जिल्ह्यांत १९८६ सालीं डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ‘सर्च’ ही संस्था काढली. गांवांतल्याच बायांना नवजात बालक कसें जपावें, त्याचा श्वास कसा मोजावा, औषध केव्हां द्यावें हें शिकवून त्यांनीं ३९ गांवांत प्रयोग केला. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या नियतकालिकांत तें प्रसिद्ध झालें आणि पुढें देशांतील ‘आशा’ कार्यकर्त्यांना तसें शिक्षण देण्यांत आलें. तिकडे भामरागडजवळ हेमलकसा येथें १९७३ पासून लोकबिरादरीचें काम चाललेलें आहे, हें आपण सारे जाणतोंच. “सकाळीं तुम्ही चहा घेत होतां तेव्हां जें मूल आलें, त्याचें रक्त मीच तपासलें,” ती म्हणाली. “हिंवतापच होता. गोळी दिली. आठवड्यांत तें खेळूं लागेल.” सौभाग्यवतींनीं काय विचारावें ? त्यांनीं विचारलें, “राहावयाची खोली पाहिलीस का ? कडी आंतून नीट लागते ना ?” लागते, असें तिनें सांगितलें. घरीं गेल्यावर वडीलबंधूंना आम्हीं हेंच दोन वाक्यांत कळविलें आणि पौष लागण्यापूर्वीं ती रुजू झाली. एक तट अजून आमच्याशीं तुटक बोलतो.

नदीवर एक डोंगा पलीकडून येत होता; त्यांत दोन सायकली, एक बकरी व तीन बाया. चालक पाण्यांत उतरून तोंड धुवून आला आणि पैसे मोजतांना म्हणाला, “डॉक्टरताईले पोंचवाचं असेल तर मले सांगा जी, दुसरा नको.” त्याप्रमाणें त्यालाच सांगितलें.

वाचकांपैकीं कोणास जावयाचें असेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यांत पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर येऊन वाटा बंद होतात आणि वैशाखांत ऊन सोसवत नाहीं. आलापल्लीस मुक्काम करून पहांटे निघावें, म्हणजे एटापल्ली व हेडरी पाहून दुपारीं आष्टी आणि दिवेलागणीस मार्कंडा असा क्रम साधतो; रात्रीं गडचिरोलीस उतरण्याची सोय होते. खाणीच्या परिसरांत छायाचित्रें घेऊं नयेत व रानांत मोटार उभी करून आंत शिरूं नये. मच्छरदाणी, पिण्याचें पाणी व दोन वेळचें खाणें बरोबर असावें. आणि चालक त्याच भागांतला घ्यावा.